कॅनडाच्या सीमेवर प्रत्यक्ष जाऊन वर्क परमिट कसे मागावे

कॅनडात नोकरी करण्यासाठी लागणारे वर्क परमिट बहुतेकांना ऑनलाइन अर्ज करून आणि बराच काळ वाट पाहूनच मिळवावे लागते. मात्र काही ठरावीक लोकांना ते सीमेवरच्या कचेरीत अधिकाऱ्यापुढे कागद ठेवून त्याच दिवशी हातात मिळू शकते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि आता टोरांटो, व्हँकुव्हर किंवा माँट्रिअलमध्ये नोकरीचा प्रस्ताव आलेल्या मराठी मंडळींपैकी अनेकजण या ठरावीक लोकांत मोडतात, आणि त्यांच्यासाठीच हे टिपण लिहिले आहे. जे त्यात मोडत नाहीत त्यांनी सीमेकडे गाडी वळवण्यापूर्वी पुढचा भाग तरी जरूर वाचावा, कारण नियमात न बसणाऱ्या माणसाने सीमेवर जाऊन नशीब अजमावणे पूर्वीही शहाणपणाचे नव्हते आणि आता तर मुळीच नाही.

कोणाला जाता येते, कोणाला नाही

मूळ नियम सोपा आहे. ज्याला कॅनडात येण्यासाठी व्हिसा लागत नाही, त्यालाच कॅनडात प्रवेश करताना वर्क परमिटचा अर्ज करता येतो. भारतीय नागरिकाला व्हिसा लागतो, म्हणून निव्वळ भारतीय पासपोर्टच्या बळावर सीमेवर अर्ज करता येत नाही. अमेरिकेत एच-वन-बी किंवा एल-वन व्हिसावर राहणाऱ्या भारतीयाचीही तीच गत आहे. अमेरिकेत दहा वर्षे कर भरला असला तरी कॅनडाच्या दृष्टीने तो व्हिसा लागणारा परदेशी नागरिकच असतो. याला मोठा अपवाद ग्रीन कार्डधारकांचा. अमेरिकेचा कायम रहिवासी, मग त्याचा पासपोर्ट भारतीय का असेना, कॅनडाच्या व्हिसातून मुक्त आहे. मात्र एप्रिल 2022 पासून त्याने वैध पासपोर्ट आणि वैध ग्रीन कार्ड असे दोन्ही दाखवणे आवश्यक आहे. अमेरिकन नागरिकांना तर व्हिसा लागतच नाही.

एकाच घरात वेगवेगळी स्थिती असते, तेथे गोंधळ हमखास होतो. नवऱ्याकडे अमेरिकन पासपोर्ट आहे, बायकोचे ग्रीन कार्ड अजून आलेले नाही आणि मुले अमेरिकेत जन्मलेली आहेत, अशी कुटुंबे आपल्यात पुष्कळ. अशा वेळी नवरा सीमेवर अर्ज करू शकतो, मुले त्याच्याबरोबर येऊ शकतात, परंतु बायकोने आधी ऑनलाइन अर्ज करून व्हिसा मिळवलेला असला पाहिजे. ‘सगळे एकाच गाडीत आहोत, तर एकत्रच होऊन जाईल’ हा समज सीमेवर टिकत नाही. तेथे प्रत्येक माणसाची पात्रता स्वतंत्रपणे तपासली जाते.

आता कॅनडात आधीच राहणाऱ्यांविषयी. विद्यार्थी किंवा कामगार म्हणून कॅनडात असलेल्या माणसाने पुलावरून अमेरिकेच्या बाजूला जायचे, तेथून लगेच परत फिरायचे आणि कॅनडाच्या खिडकीवर नवे परमिट मागायचे, ही पद्धत अनेक वर्षे सर्रास चालत असे आणि तिला सगळे फ्लॅगपोलिंग म्हणत. कॅनडा सरकारने दिलेल्या आकड्यांनुसार एप्रिल 2023 ते मार्च 2024 या एका वर्षात पॅसिफिक विभाग, दक्षिण ओंटारिओ आणि क्वेबेक मिळून अशा 69,300 हून अधिक लोकांची कामे दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांना करावी लागली. त्यानंतर दोर आवळला गेला. शिक्षण पूर्ण झाल्यावर मिळणारे पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट 21 जून 2024 पासून सीमेवर मिळणे बंद झाले, आणि 23 डिसेंबर 2024 च्या रात्रीपासून अशा फेरीवर आधारित वर्क परमिट आणि स्टडी परमिटचे जवळपास सर्वच अर्ज थांबवण्यात आले. अमेरिकन नागरिक, ग्रीन कार्डधारक, मुक्त व्यापार करारांखालील व्यावसायिक व त्यांचे जोडीदार आणि काही विशिष्ट परिस्थितीतले आंतरराष्ट्रीय ट्रकचालक एवढेच मुख्य अपवाद राहिले आहेत.

तेव्हा ब्रॅम्प्टनमध्ये किंवा सरीमध्ये शिकून बाहेर पडलेल्या आपल्याकडच्या मुलांना कोणी एजंट ‘पाचशे डॉलर द्या, बॉर्डरवरून काम करून आणतो’ असे सांगत असेल, तर तो जुना माल नव्या भावाने विकत आहे असे खुशाल समजावे. या मुलांसाठी योग्य मार्ग ऑनलाइन अर्जाचा आहे. आधीच्या वर्क परमिटची मुदत संपण्यापूर्वी मुदतवाढीचा अर्ज केला असेल, तर निर्णय येईपर्यंत जुन्याच अटींवर काम चालू ठेवता येते. त्यामुळे वेळेत केलेला साधा अर्ज सीमेवरच्या फेरीपेक्षा अधिक सुरक्षित ठरतो. पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा अधिकार कॅनडात फक्त वकील मंडळी, क्वेबेकमधील नोटरी आणि परवानाधारक इमिग्रेशन सल्लागार यांनाच आहे, आणि सल्लागाराचे नाव त्यांच्या नियामक संस्थेच्या (तिला ‘कॉलेज’ म्हणतात) जाहीर यादीत कोणालाही पाहता येते. ते नाव तेथे नसेल तर पुढे बोलण्याचे कारण नाही.

आणखी एक वर्ग आहे, ज्याचे काम वरवर असेच दिसते पण प्रत्यक्षात वेगळे असते. भारतातून ऑनलाइन अर्ज करून, व्हीएफएस या व्हिसा अर्ज केंद्रात बोटांचे ठसे देऊन ज्याचे वर्क परमिट आधीच मंजूर झाले आहे, त्याला एक परिचयपत्र मिळते आणि पासपोर्टवर व्हिसा लागतो. परमिटचा कागद मात्र कॅनडात उतरल्यावर विमानतळावरचा अधिकारीच छापून देतो. तो नवा अर्ज नसतो. तरीही परिचयपत्राची छापील प्रत, नोकरीचा प्रस्ताव आणि पदवीची कागदपत्रे हातातल्या बॅगेत ठेवावीत, चेक-इन केलेल्या सुटकेसमध्ये नव्हे. कारण परमिट छापण्याआधी अधिकारी पुन्हा प्रश्न विचारू शकतो, आणि त्या वेळी आपली सुटकेस पट्ट्यावर फिरत असते.

कोणत्या आधारावर मागायचे

व्हिसामुक्ती म्हणजे केवळ दारापर्यंत येण्याची मुभा झाली. परमिट कशाच्या आधारावर हवे आहे, हे स्वतंत्रपणे ठरवावे लागते, आणि अमेरिकन नागरिक व ग्रीन कार्डधारक यांच्या वाटा येथे वेगळ्या होतात. आपल्या लोकांची सर्वाधिक फसगत होते ती याच वळणावर.

अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातील व्यापार करार, ज्याला कॅनडात कुस्मा म्हणतात आणि जो 1 जुलै 2020 पासून नाफ्टाच्या जागी आला, त्यात काही व्यवसायांची एक यादी आहे. त्या यादीतल्या व्यावसायिकाला कॅनडातील मालकाने श्रमबाजाराचे मूल्यांकन, म्हणजे एलएमआयए (परदेशी माणूस नेमल्याने स्थानिक कामगारांचे नुकसान होणार नाही असा सरकारी दाखला), न घेताही वर्क परमिट मिळू शकते, आणि ते एका वेळी तीन वर्षांपर्यंतचे असू शकते. इंजिनिअर, अकाउंटंट, कॉम्प्युटर सिस्टिम्स अॅनालिस्ट, फार्मासिस्ट, नोंदणीकृत परिचारिका, मॅनेजमेंट कन्सल्टंट, ग्राफिक डिझायनर असे अनेक व्यवसाय त्या यादीत आहेत. मात्र ही सवलत नागरिकांना आहे. ग्रीन कार्डधारक सीमेवर अर्ज करू शकतो हे खरे, पण कुस्माच्या व्यावसायिक यादीचा आधार त्याला घेता येत नाही. ‘माझ्या ऑफिसमधल्या मित्राला पंचेचाळीस मिनिटांत मिळाले’ असे ऐकून निघालेल्या माणसाने तो मित्र अमेरिकन नागरिक आहे की ग्रीन कार्डधारक, हे आधी विचारून घ्यावे.

ग्रीन कार्डधारकापुढे मुख्यतः दोन मार्ग उरतात. पहिला मार्ग एलएमआयएचा. त्यासाठी कॅनडातील मालक सरकारकडे अर्ज करतो, त्याचे एक हजार कॅनेडियन डॉलर शुल्क तोच भरतो, आणि ते शुल्क कामगाराकडून वसूल करण्यास त्याला कायद्याने मनाई आहे. एलएमआयएसाठी कोणी आपल्याकडे पैसे मागत असेल तर प्रकरण संशयास्पद आहे, आणि उद्या ते उघडकीस आले तर त्याची झळ आपल्यालाही लागते. दुसरा मार्ग कंपनीअंतर्गत बदलीचा. अमेरिकेतल्या कंपनीची कॅनडात शाखा, मूळ किंवा उपकंपनी असेल, आणि गेल्या तीन वर्षांत किमान एक वर्ष सलग पूर्णवेळ काम अमेरिकेतल्या त्या कंपनीत झाले असेल, तर वरिष्ठ व्यवस्थापक, अधिकारी किंवा विशेष ज्ञान असलेला कर्मचारी म्हणून परमिट मागता येते. आयटी कंपन्यांतील आपल्या मंडळींना हा मार्ग ओळखीचा असतो, कारण अमेरिकेचा एल-वन व्हिसा बराचसा असाच चालतो. पण ‘विशेष ज्ञान’ सिद्ध करण्याचा भार येथे अर्जदारावर असतो, आणि ‘मला जावा येते’ एवढ्यावर ते सिद्ध होत नाही. कंपनीच्या स्वतःच्या उत्पादनाचे किंवा पद्धतीचे असे कोणते ज्ञान आपल्याकडे आहे जे बाजारातून सहज घेता येणार नाही, हे पत्रात उदाहरणांसह यावे लागते.

एलएमआयए लागत नसलेल्या प्रकारांत मालकाला सरकारच्या एम्प्लॉयर पोर्टलवर नोकरीचा प्रस्ताव आधी नोंदवावा लागतो आणि 230 डॉलरचे अनुपालन शुल्क भरावे लागते. त्यानंतर ‘ए’ या अक्षराने सुरू होणारा एक प्रस्ताव क्रमांक मिळतो. हा क्रमांक हाती नसताना सीमेवर जाऊ नये. कॅनडातील छोट्या कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागाला या पोर्टलची माहिती नसते आणि ते फक्त छानसे ऑफर लेटर पाठवून मोकळे होतात. त्यांना हे काम आपणच समजावून सांगावे लागते, आणि त्यात संकोच करू नये.

नोकरी क्वेबेकमध्ये असेल आणि परमिट एलएमआयएवर आधारित असेल, तर त्या प्रांताचे स्वीकृती प्रमाणपत्रही लागते. माँट्रिअलकडे निघालेल्यांनी हे लक्षात ठेवावे.

कागदपत्रे

सीमेवरचा अधिकारी कागद पाहून निर्णय घेतो. त्याच्याकडे आपली फाइल आधीपासून नसते, आपला वकील शेजारी बसलेला नसतो, आणि रांगेत आपल्यामागे आणखी लोक असतात. त्यामुळे न शोधता, न विचारता त्याला जे हवे ते क्रमाने हाताला लागेल अशी फाइल तयार करणे, हीच या कामातली खरी मेहनत आहे.

सर्वांत वर पासपोर्ट आणि लागू असल्यास ग्रीन कार्ड. पासपोर्टच्या मुदतीपलीकडचे परमिट मिळत नाही. तीन वर्षांच्या नोकरीला निघताना पासपोर्ट आठ महिन्यांत संपणार असेल, तर आधी त्याचे नूतनीकरण करावे. त्याखाली एलएमआयएचे पत्र किंवा प्रस्ताव क्रमांकाची प्रत. त्यानंतर नोकरीचे पत्र, आणि त्याबाबत थोडे विस्ताराने सांगणे जरुरीचे आहे.

नोकरीच्या पत्रात मालकाचे नाव व पत्ता, कामाचे ठिकाण, पदाचे नाव, कामाचे स्वरूप, कालावधी, वेतन आणि त्या पदासाठी लागणारी शैक्षणिक पात्रता या सर्व गोष्टी स्पष्ट हव्यात. कुस्माखाली अर्ज असेल तर यादीतला व्यवसाय नेमका कोणता, हेही पत्रातच लिहिलेले असावे. आपल्या आयटीतल्या लोकांचा पाय येथेच घसरतो. यादीत कॉम्प्युटर सिस्टिम्स अॅनालिस्ट आहे, प्रोग्रामर नाही. कंपनीने पदाचे नाव ‘सिनिअर डेव्हलपर’ असे ठेवले आणि कामाचे वर्णन करताना ‘कोड लिहिणे, चाचण्या घेणे, त्रुटी दुरुस्त करणे’ अशा चार ओळी दिल्या, तर अधिकाऱ्याने तो अर्ज प्रोग्रामरचा मानला तर त्यात नवल नाही. तेच काम प्रत्यक्षात ग्राहकाच्या गरजांचा अभ्यास करून प्रणालीचा आराखडा ठरवण्याचे असेल, तर पत्रात ते तसे, खरेपणाने आणि तपशिलाने आले पाहिजे. याचा अर्थ पत्र रंगवून लिहावे असा नाही; अधिकारी पत्रातल्याच शब्दांवर प्रश्न विचारतो, आणि जे काम आपण करणारच नाही त्याचे वर्णन तोंडी करताना माणूस लगेच अडखळतो.

त्याखाली शिक्षणाचे कागद. कुस्मातल्या बहुतेक व्यवसायांना पदवी लागते. सिस्टिम्स अॅनालिस्टला पदवीऐवजी पदविका किंवा प्रमाणपत्र आणि तीन वर्षांचा अनुभव चालतो, तर मॅनेजमेंट कन्सल्टंटला पदवी किंवा पाच वर्षांचा संबंधित अनुभव चालू शकतो. पदवी भारतातली असली तरी हरकत नसते, परंतु मुंबईचे किंवा पुण्याचे विद्यापीठ अधिकाऱ्याला ठाऊक असेलच असे नाही. म्हणून मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घेतलेले पदवीचे मूल्यमापन सोबत असावे. पुण्याच्या बाबतीत एक गंमत आहे. जुन्या पदव्यांवर पूना, नंतरच्यांवर पुणे आणि 2014 पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ अशी नावे छापलेली असतात. बायोडेटात नवे नाव आणि पदवीवर जुने नाव असेल, तर दोन्ही एकच संस्था आहेत हे सांगणारी एक ओळ बायोडेटातच टाकावी. गुणपत्रिका सर्व सत्रांच्या असाव्यात. पदवीच्या प्रमाणपत्रावर बऱ्याचदा विषय लिहिलेला नसतो, तो गुणपत्रिकेवरूनच कळतो.

नावांचा प्रश्न याहून अधिक डोकेदुखी देतो. महाराष्ट्रात लग्नानंतर स्त्रीचे केवळ आडनाव बदलत नाही; मधले वडिलांचे नाव जाऊन तेथे नवऱ्याचे नाव येते, आणि काही घरांत पहिले नावही बदललेले असते. अशा स्त्रीची पदवी एका नावाने, पासपोर्ट दुसऱ्या नावाने आणि अमेरिकेतील कागदपत्रे तिसऱ्याच क्रमाने असतात. आपल्याला हे इतके अंगवळणी पडलेले असते की त्यात काही विचित्र आहे असे वाटतच नाही. कॅनेडियन अधिकाऱ्याला मात्र तीन वेगळ्या स्त्रियांचे कागद पुढे आल्यासारखे वाटू शकते. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, आणि नाव राजपत्रात प्रसिद्ध करून बदलले असेल तर त्या राजपत्राची प्रत, शैक्षणिक कागदांच्या अगदी वर ठेवावी. प्रमाणपत्र मराठीत असेल तर त्याचा प्रमाणित इंग्रजी अनुवाद जोडावा. ज्यांच्या भारतीय पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे आणि अमेरिकेने ज्यांना ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिले नाव अज्ञात) हे नाव बहाल केले आहे, त्यांनीही कोणत्या कागदावर कोणते नाव आहे हे एका पानावर लिहून ठेवावे. जन्मतारखेतला दिवस आणि महिना अमेरिकेत उलटा लिहितात हे सर्वांना माहीत असूनही, 5 ऑगस्ट आणि 8 मे यांची अदलाबदल कोठल्या ना कोठल्या कागदावर झालेली आढळते. ती घरीच शोधून काढावी.

अनुभवाची पत्रे पूर्वीच्या मालकांच्या लेटरहेडवर, पदनाम, तारखा आणि कामाच्या स्वरूपासह असावीत. भारतातली ‘रिलिव्हिंग लेटर’ बहुधा दोन ओळींची असतात आणि त्यांत कामाचा उल्लेख नसतो. ती एकटी पुरेशी ठरत नाहीत.

व्यवसायाच्या परवान्याबद्दलही एक शब्द. वर्क परमिट केंद्र सरकार देते, पण परिचारिका, फार्मासिस्ट यांसारख्या व्यवसायांचा परवाना प्रांतातील नियामक संस्था देते. परिचारिकेने प्रांताच्या परवान्याशिवाय सीमेवर जाऊ नये.

वैद्यकीय तपासणी आणि ठसे

गेल्या वर्षभरात सहा महिन्यांहून अधिक काळ सलग भारतासारख्या ठरावीक देशांत राहिलेल्या आणि कॅनडात सहा महिन्यांहून अधिक राहू इच्छिणाऱ्या व्यक्तीला वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. रुग्णालय, शाळा, पाळणाघर यांसारख्या ठिकाणी काम करणाऱ्यांना ती देशाचा विचार न करता लागू होते. तपासणी कॅनडा सरकारने नेमलेल्या पॅनेल डॉक्टरकडेच आणि सीमेवर जाण्यापूर्वी करावी लागते. आईवडिलांच्या आजारपणासाठी सात-आठ महिने भारतात राहून नुकतेच अमेरिकेत परतलेले ग्रीन कार्डधारक या नियमात येऊ शकतात आणि नेमके तेच हे विसरतात.

अमेरिकन नागरिकांना बोटांचे ठसे द्यावे लागत नाहीत. ग्रीन कार्डधारकांना द्यावे लागतात, त्याचे शुल्क एका व्यक्तीस 85 डॉलर आणि एकत्र अर्ज करणाऱ्या कुटुंबास कमाल 170 डॉलर आहे. ते दहा वर्षे ग्राह्य धरले जातात. ही सोय प्रत्येक छोट्या नाक्यावर नसते, म्हणून नाका निवडताना याची खातरजमा करावी. परमिटचे शुल्क 155 डॉलर. हे सर्व आकडे कॅनेडियन डॉलरमधले आहेत, आणि पैसे कार्डाने भरता येतात. परदेशी व्यवहारासाठी बँकेने कार्ड अडवू नये म्हणून तिला आधी कळवून ठेवलेले बरे.

नाका आणि वेळ

सिअॅटलहून येणाऱ्यांसाठी ब्लेनजवळचा पीस आर्च आणि पॅसिफिक हायवे, डेट्रॉइटहून अँबॅसेडर ब्रिज किंवा बोगदा, बफेलोहून पीस ब्रिज, नायगाराजवळ रेनबो ब्रिज आणि क्वीन्स्टन-लुइस्टन, न्यूयॉर्क राज्यातून माँट्रिअलकडे जाणाऱ्यांसाठी लाकोल, हे मोठे आणि अशा कामांची सवय असलेले नाके आहेत. न्यू जर्सीहून सहा-सात तास गाडी चालवून येणाऱ्यांनी तरी एखादा आडबाजूचा, रात्री बंद होणारा नाका निवडू नये. नायगाराचा व्हर्लपूल ब्रिज केवळ नेक्सस कार्डधारकांसाठी, म्हणजे आधी तपासणी होऊन मंजूर झालेल्या प्रवाशांसाठी आहे, तो नकाशात जवळचा दिसतो म्हणून तिकडे वळू नये. विमानाने आल्यासही अर्ज करता येतो. तो कॅनडातील विमानतळावर उतरल्यावर होतो.

आठवड्याच्या मधला दिवस आणि सकाळची वेळ सर्वांत सोयीची. यामागे गर्दीशिवाय आणखी एक कारण आहे. अधिकाऱ्याला शंका आली तर तो कॅनडातल्या मालकाला फोन करू शकतो. शनिवारी संध्याकाळी तो फोन उचलायला कोणी नसते. मनुष्यबळ विभागातील ज्या व्यक्तीचे नाव पत्रात आहे, तिला आपण कोणत्या दिवशी सीमेवर असणार हे सांगून ठेवावे, आणि ती रजेवर असेल तर दुसऱ्या कोणाचे नाव-क्रमांक सोबत घ्यावा. अमेरिकेतल्या लाँग वीकएंडला तर या कामासाठी निघूच नये.

प्रत्यक्ष खिडकीवर

गाडी प्रथम ज्या खोपट्यासमोर थांबते, तेथल्या अधिकाऱ्याला ‘मी वर्क परमिटचा अर्ज करण्यासाठी आलो आहे’ एवढेच सरळ सांगावे. फिरायला आलो असे सांगून आत गेल्यावर परमिट मागणे हा शहाजोगपणा महागात पडतो. तो अधिकारी गाडी बाजूला लावून आत जाण्यास सांगतो. आत इमिग्रेशनच्या रांगेत बसावे लागते. अनेक ठिकाणी मोबाइल वापरण्यास मनाई असते, म्हणून ईमेलमध्ये आहे, ड्राइव्हवर आहे, या बोलण्याला अर्थ नसतो. जे दाखवायचे ते कागदावर हवे.

प्रश्न साधे असतात. कोणत्या कंपनीत, कोणते काम, किती दिवसांसाठी, पगार किती, याआधी काय करत होता, शिक्षण कोठे झाले, कॅनडात पूर्वी आला होता का. उत्तर विचारलेल्या प्रश्नापुरतेच द्यावे. आपल्याकडे अधिकाऱ्यापुढे उभे राहिले की आदराने जास्त बोलण्याची सवय असते, आणि न विचारलेली माहिती देण्यात माणूस स्वतःच गुंता वाढवतो. कायम रहिवासाचा विचार आहे का, असे विचारले तर घाबरण्याचे कारण नाही. कॅनडाच्या कायद्यात तात्पुरत्या परमिटबरोबर पुढे कायम राहण्याची इच्छा असणे हा दोष नाही, फक्त परमिट संपल्यावर राहण्याचा हक्क नसेल तर देश सोडू, हे पटले पाहिजे. खोटे मात्र कोणत्याही परिस्थितीत बोलू नये. चुकीची माहिती दिल्याचे सिद्ध झाले तर पाच वर्षे कॅनडाचे दार बंद होते.

अमेरिकेत दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा ज्यांच्यावर सिद्ध झाला आहे, त्यांनी वकिलाशी बोलल्याशिवाय निघू नये. कॅनडाने डिसेंबर 2018 पासून या गुन्ह्याची शिक्षा वाढवून दहा वर्षांपर्यंत नेली आणि त्यामुळे तो गंभीर गुन्ह्यांत मोडू लागला आहे. अमेरिकेतील पोलिसांच्या नोंदी सीमेवरच्या अधिकाऱ्याला पडद्यावर दिसतात, ‘जुनी गोष्ट आहे, कोण बघतो’ हा हिशेब तेथे चालत नाही.

सामान घेऊन स्थलांतर करत असाल तर सामानाची यादी किमतींसह दोन प्रतींत तयार ठेवावी, आणि मागाहून येणाऱ्या सामानाची नोंदही त्याच दिवशी करून घ्यावी. आईने दिलेले तूप, मसाले, लोणची जे काही असेल ते विचारल्यावर सांगून टाकावे. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेल्या वस्तूमुळे परमिटच्या मुलाखतीला उगाच आंबट सुरुवात होते. गांजा कॅनडात कायदेशीर असला तरी तो सीमेपलीकडे नेणे-आणणे गुन्हा आहे.

कागद हातात आल्यावर

परमिट छापून हातात दिले की लगेच आभार मानून बाहेर पडू नये. खिडकीसमोर उभे राहूनच नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, मालकाचे नाव, पद, कामाचे ठिकाण आणि शेवटची तारीख एकेक करून तपासावी. चूक तेथल्या तेथे दुरुस्त होते. घरी गेल्यावर लक्षात आली तर दुरुस्तीचा वेगळा अर्ज आणि वाट पाहणे नशिबी येते. एलएमआयए तीन वर्षांची असताना परमिट एका वर्षाचे छापले गेले असेल तर नम्रपणे कारण विचारावे. कित्येकदा ते पासपोर्टच्या मुदतीमुळे असते, क्वचित नजरचुकीने.

हे परमिट बहुधा एकाच मालकाशी बांधलेले असते. दुसरी नोकरी धरायची असेल तर नवा अर्ज करावा लागतो. परमिट म्हणजे व्हिसा नव्हे, ही बाबही ग्रीन कार्डधारकांनी लक्षात ठेवावी. पुढे ग्रीन कार्ड सोडून दिले, तर परमिट वैध असूनही भारतीय पासपोर्टवर कॅनडात परत येण्यासाठी व्हिसा लागेल. आणि अमेरिकेबाहेर वर्षभराहून अधिक राहण्याचा बेत असेल, तर अमेरिकेत असतानाच रि-एंट्री परमिटचा अर्ज करून ठेवावा. नाहीतर एक देश मिळवताना दुसरा हातचा जातो.

जोडीदाराच्या खुल्या, म्हणजे एकाच मालकाशी न बांधलेल्या, वर्क परमिटचे नियम 21 जानेवारी 2025 पासून कडक झाले आहेत. सर्वसाधारण प्रकारात मुख्य व्यक्तीचे काम वरच्या किंवा निवडक श्रेणीतले असावे लागते आणि जोडीदाराने अर्ज करताना मुख्य परमिटचे किमान सोळा महिने शिल्लक असावे लागतात. म्हणून जोडीदाराचा अर्ज मागाहून निवांतपणे करू असे म्हणून टाळू नये. खुल्या परमिटसाठी 155 डॉलरवर आणखी 100 डॉलर द्यावे लागतात.

पहिल्या पगारापूर्वी सर्व्हिस कॅनडाच्या कचेरीतून सोशल इन्शुरन्स क्रमांक घ्यावा. तात्पुरत्या रहिवाशांचा क्रमांक नऊ या आकड्याने सुरू होतो आणि परमिटच्या मुदतीबरोबर संपतो.

नकार मिळाला तर

अधिकाऱ्याने नाही म्हटले तर वाद घालू नये. कोणता कागद अपुरा होता, कोणती अट पुरी झाली नाही, हे शांतपणे विचारून लिहून घ्यावे. बऱ्याचदा अर्ज मागे घेऊन अमेरिकेत परत जाण्याची मुभा देतात, आणि उणीव भरून काढल्यावर पुन्हा अर्ज करता येतो. मात्र त्याच दिवशी पन्नास मैलांवरच्या दुसऱ्या नाक्यावर जाऊन तेच कागद पुढे करण्याचा उपाय काहीजण सुचवतात, तो करू नये. पहिल्या अधिकाऱ्याची टिपणे दुसऱ्याच्या संगणकावर तितक्याच स्पष्टपणे दिसतात. परतताना अमेरिकेचा अधिकारीही काय झाले ते विचारेल, त्याला जे झाले ते सांगावे आणि ग्रीन कार्ड हाताशी ठेवावे. पत्रात सुधारणा हवी असेल तर मालकाला त्याच दिवशी कळवावे, कारण एलएमआयएच्या पत्राला स्वतःची मुदत असते. मे 2024 पासून ती सहा महिन्यांवर आली आहे, आणि ती उलटली तर मालकाला सगळे पहिल्यापासून करावे लागते.